न धुतलेला ब्रश

ते १९७८ साल होतं. त्या वर्षी राष्ट्रीय कलास्पर्धेच्या दालनात जे घडलं, ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि उरलेल्यांतला प्रत्येक जण ते वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं, नणंदेनं भावजयीचा घात केला. कुणी म्हणतं, भावजयीनं नणंदेला वर्षानुवर्षं वापरून घेतलं. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना विळा आणि भोपळा याखेरीज काही दिसतच नाही. म्हणून ही गोष्ट नणंदेच्या खुर्चीवरून सांगायला हवी. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत तीच तर बसली होती.

तिला सगळे ‘वन्सं’ म्हणत. वहिनी म्हणायची म्हणून शेजारचे म्हणू लागले, मग ती कामाला होती त्या फोटो स्टुडिओचा मालकही म्हणू लागला. स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या पाठीमागे सोडायचे मोठमोठे पडदे रंगवणं हे तिचं काम. जिना, खांब, धुक्यातली बाग, ढगाळ आभाळ. पडद्याचा नियम एकच, असं ती सांगायची: “पडद्याकडे कुणाचं लक्ष गेलं, की पडदा फसला.” लग्नाचं तिचं जमलं नव्हतं, आणि पुढं तिनंच तो विषय मिटवून टाकला होता. भाऊ, वहिनी आणि ती, असं तिघांचं घर.

वहिनी चित्रकलेच्या शाळेत दोन वर्षं शिकून लग्न होऊन आलेली. चेहरे काढावेत तर तिनं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना तिनं एकदा समोर बसवलं, आणि कॅनव्हासवर त्या बाई अशा उतरल्या, की आता सुईत दोरा ओवायला चष्मा मागतील. पण चेहऱ्यामागं काय करायचं, इथं वहिनीचं घोडं अडलं. दुपारभर ती मागच्या खोलीत ब्रश धरून नुसती उभी. वन्सं चहा घेऊन आली, दारातच थांबली.

“काय झालं?”

“चेहरा झालाय हो. मागं काय करू तेच कळत नाही.”

“मागं खोली आहे ना? मग खोली कर.”

“कशी?”

“सरक.”

कप खिडकीत ठेवून वन्संनी वहिनीच्या हातातला ब्रश तसाच घेतला, डाव्या हातात, कारण ती डावखुरी. तो धुतलेला नव्हता, शिवणवाल्या बाईंच्या गालाचा रंग त्याला लागलेला होता. तो रंग घेऊनच तिनं मागचा अंधार रंगवायला सुरुवात केली, आणि अंधारात कुठंकुठं त्या गालाची ऊब उतरली. काम झाल्यावर दोघी मागं सरून पाहत राहिल्या. चहा गार होऊन गेला.

“चेहऱ्याचा रंग थोडा अंधारात जायला हवा,” वन्सं म्हणाली. “नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.”

तेव्हापासून ती त्यांची रीतच झाली. वहिनी चेहरा आणि हात संपवायची, दोन पावलं डावीकडे सरायची, आणि नजर कॅनव्हासवरून न काढता उजवा हात बाजूला लांब करायची. ब्रशची दांडी पुढं. उजव्या बाजूला स्टुलावर वन्सं बसलेली असायची, ती तो तसाच न धुता घ्यायची. “घ्या” नाही, “दे” नाही. एकीच्या हातून दुसरीच्या हाती वाटी द्यावी, तितकं ते सरळ होतं.

शहराच्या स्पर्धेचा अर्ज दादानं भरला. दादा म्हणजे वहिनीचा नवरा, वन्संचा थोरला भाऊ, एका मालवाहतूक कचेरीत कारकून. “नाव एकच मागितलंय,” तो पेन उघडून म्हणाला. “कुणाचं घालू?”

“वहिनीचं घाल,” वन्सं आतून म्हणाली. “मी काय, मागचा पडदा रंगवला!”

तिघंही हसले. हसता हसता बोललेलं ते वाक्य पुढं तिच्या मानेवर बसलं. बोललेलं परत घ्यायची सोय कुठं असते?

शहराच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आलं. पुढच्या वर्षी प्रांताच्या स्पर्धेत आलं. मग राष्ट्रीय स्पर्धेत तिसरं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं, रौप्यपदक. वहिनीचा फोटो वर्तमानपत्रात झळकला. दादानं ते चहाच्या टेबलावर पसरून मोठ्यानं वाचलं. समीक्षकानं लिहिलं होतं, ‘या चित्रकर्तीचे चेहरे उत्तम आहेतच, परंतु तिचा अंधार चेहऱ्यांहून बोलका आहे.’

दादा वाचता वाचता थांबला. वहिनी खाली बघत राहिली. वन्सं म्हणाली, “छान लिहिलंय हो,” आणि कप गोळा करू लागली.

वहिनी तिच्यामागून मोरीपाशी गेली. “वन्सं, पुढच्या वेळी दोन नावं घालू या.”

“कशाला? नियमात बसत नाही.”

“विचारून तर पाहू.”

“नको गं. उगाच हात दाखवून अवलक्षण.”

वहिनी बरं म्हणून गेली. वन्सं नळाखाली कप धरून तशीच उभी राहिली. वहिनीनं आणखी एकदा विचारावं, एवढीच तिची इच्छा होती. पण दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायचा वन्संचा स्वभाव नव्हता.

१९७८ साली सुवर्णपदक वहिनीलाच, असं जो तो म्हणत होता. तेवढ्यात स्पर्धा भरवणाऱ्या अकादमीच्या चिटणिसांचं पत्र आलं. चित्रकर्तीच्या कामात दुसऱ्या कुणाचा हात असल्याची तक्रार आहे, तरी परीक्षक मंडळासमोर, प्रेक्षकांच्या उपस्थितीत, दिलेल्या माणसाचं चित्र एकटीनं पूर्ण करून दाखवावं. तक्रार खरी निघाल्यास आधीची पदकंही परत घेण्यात येतील.

तक्रार कुणी केली, हे कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षं बक्षिसांत वहिनीच्या मागोमाग राहिलेला एक चित्रकार होता, त्याला सगळे ‘दाढीवाला’ म्हणत. गेल्या वर्षी रौप्यपदकाच्या चित्रापुढं तो नाक टेकेल इतक्या जवळ उभा राहिला होता. चेहऱ्यावरचे ब्रशचे फटकारे एका बाजूला कललेले, अंधारातले बरोबर उलट्या बाजूला, हे त्यानं हेरलं. माणूस दुसऱ्याला पाण्यात पाहणारा होता खरा, पण त्याची नजर खोटी नव्हती.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. “सांगून टाकू या का खरं?”

“आता?” वहिनी म्हणाली. “आता सांगितलं तर चोरी कबूल केल्यासारखं होईल. मी शिकते. वन्सं, शिकवा मला अंधार.”

“शिकवते की,” वन्सं म्हणाली.

आणि तिनं शिकवलंही. रोज स्टुडिओतून आल्यावर ती वहिनीच्या शेजारी उभी राहायची. कुठला रंग किती, ब्रश किती हलका, सगळं सांगायची. काही म्हणून हातचं राखलं नाही. पण वहिनीचा अंधार काही केल्या अंधार होईना. खोलीच्या जागी भिंत यायची, काळी, थंड.

“डांबर,” वहिनी वैतागून म्हणाली. “रस्ता करणाऱ्यांकडे नोकरी मिळेल मला.”

“जमेल.”

“खरं सांगा, जमतंय?”

“जमेल म्हटलं ना.”

जमत नव्हतं, हे वन्संला दिसत होतं. हे आपल्या पोटात कुठंतरी गोड लागतंय, हेही तिला कळत होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती. वहिनीला एकटीनं जमलं, तर इतकी वर्षं आपण होतो तरी कशाला? आणि नाही जमलं, तर घराची अब्रू जाणार, दादाची मान खाली जाणार, वहिनीची पदकं जाणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

परीक्षेच्या दिवशी अकादमीचं दालन भरलं होतं. पुढं लाकडी चौथरा, त्यावर कॅनव्हास, बाजूला रंगांचं टेबल. समोर बसवायला त्यांनी दालनाचाच म्हातारा पहारेकरी निवडला होता. तो बिचारा असा ताठ बसला होता, जणू त्याच्यावरच खटला आहे. एका अंगाला परीक्षकांचं टेबल. मधोमध अध्यक्ष, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई, स्वतः मोठ्या चित्रकार, पण त्या सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पहिल्या रांगेत दाढीवाला हाताची घडी घालून. तिसऱ्या रांगेत दादा आणि वन्सं.

“श्वास घे,” दादा पुटपुटला.

“तू घे आधी,” वन्सं म्हणाली.

वहिनीनं सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात दालनातली कुजबुज थांबली. पहारेकऱ्याचा ताठपणा तिनं हेरला, आणि त्या ताठपणाखालचं वयही. कपाळ, डोळ्यांखालच्या पिशव्या, दाबून धरलेले ओठ एकामागून एक येत गेले. इतका चांगला चेहरा तिनं कधीच काढला नव्हता. वन्सं खुर्चीच्या काठावर आली. तिची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. आता डावा कान. आता गळ्याची सावली. आता झालं.

आता ती ब्रश धुवेल, वन्संनी मनात म्हटलं. घरी तसंच ठरलं होतं. वहिनी ब्रश धुणार, दुसरा घेणार, आणि मागं तिला येतं तसं डांबर का होईना, फासून मोकळी होणार. चेहरा इतका सुंदर उतरला होता, की डांबरही कुणी माफ केलं असतं.

वहिनी दोन पावलं डावीकडे सरली. नजर कॅनव्हासवर. आणि तिनं उजवा हात बाजूला लांब केला, ब्रशची दांडी पुढं करून.

हात तसाच हवेत राहिला. उजव्या बाजूला कुणीच नव्हतं.

दालनातल्या कुणाला त्यात वावगं काही दिसलं नाही. चित्रकर्ती दमली असेल, ब्रश कुणी धुवून द्यावा असं तिला वाटत असेल. टेबलाजवळ उभा असलेला अकादमीचा शिपाई तत्परतेनं पुढं झाला. त्यानं मोठ्या अदबीनं ब्रश घेतला आणि टर्पेंटाइनच्या भांड्याकडे वळला. पहारेकऱ्याच्या गालाचा रंग त्या ब्रशला होता. भांड्यापर्यंत फक्त एक हाताचं अंतर.

“अहो, धुऊ नका तो!”

आवाज दालनभर घुमला. तो आपला आहे, हे वन्संला सगळ्या माना तिच्याकडे वळल्यावर कळलं. शिपाई ब्रश हातात धरून पुतळ्यासारखा थांबला. दाढीवाला सबंध वळून बसला होता. दादानं तिचं मनगट घट्ट धरलं.

“बस खाली,” तो दातांतून म्हणाला. “बस. अजून काही बिघडलेलं नाही. खोकला आला म्हण.”

“खोकल्यात कुणी ‘धुऊ नका’ म्हणतं?”

“कोण आहात आपण?” अध्यक्षांनी विचारलं.

वन्सं उभी होती. खाली बसता आलं असतं. ‘माफ करा, तोंडातून गेलं,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं चौथऱ्याकडे पाहिलं. वहिनीनं हात खाली घेतला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय केलं, ते आता तिला उमगलं होतं. पण तिनं मान हलवली नाही, ‘बसा’ म्हणून खूण केली नाही. तिनं रंगांचं टेबल पायानं थोडं मागं ढकललं आणि उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा केली.

वन्संनी दादाची बोटं एकेक करून सोडवली आणि ती पुढं गेली. शिपायाच्या हातातून ब्रश घेतला, डाव्या हातानं.

“डावा!” दाढीवाला ओरडला. “बघा, डावा हात! मी म्हणालो नव्हतो?”

“थांबवा हे,” अध्यक्ष उठले. “प्रश्नच मिटला. चौकशी संपली.”

तेव्हा पांढऱ्या केसांच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. “संपली कशी? चित्र कुठं संपलंय? कोण किती करतं, हेच पाहायचं होतं ना आपल्याला? मग बसा आणि पाहा.”

“पण बाई, नियम...”

“नियम उद्याही असतील. हा पहारेकरी काही उद्या असा बसायचा नाही.”

पहारेकऱ्यानं मान न हलवता “बरोबर आहे बाई” म्हटलं, आणि कुणीतरी हसलं. अध्यक्ष खाली बसले.

वन्सं रंगवू लागली. पाठीमागं माणसं आहेत, दादा आहे, पदकं जाणार आहेत, हे सगळं तिला माहीत होतं, पण ते दूर कुठंतरी होतं. आधी म्हाताऱ्याच्या कानामागून अंधार यायला हवा होता, मग खांद्यावरून, आणि गालाची ती थोडी ऊब त्यात विरघळायला हवी होती. वहिनी डाव्या बाजूला हात पुसत उभी होती. मध्येच ती हळूच म्हणाली, “तिथं जास्त झालं.”

“झालं नाही. वाळू दे.”

“झालंय.”

“बरं, झालंय.” वन्संनी अंगठ्यानं थोडं पुसलं.

दोघींचं काम संपलं तेव्हा दालनात कुणी टाळी वाजवली नाही. टाळी वाजवावी की नाही, हे कुणाला ठरवता येईना. पहारेकरी उठून आला, स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मी इतका म्हातारा आहे होय?”

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. नियमभंग. रौप्य आणि कांस्य दोन्ही पदकं परत. पाच वर्षं प्रवेश बंद. सुवर्णपदक दाढीवाल्याला.

परतीच्या बसमध्ये दादा पुढच्या बाकावर बसला आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिला. दोघी मागं शेजारी शेजारी. बरंच अंतर गेल्यावर वहिनी म्हणाली, “मी विसरलेच हो. एकटी आहे, हेच विसरले. चेहरा चांगला झाला की माझा हात आपोआप जातो.”

“मी नव्हते विसरले,” वन्सं म्हणाली.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं.

“तोंडातून निघून गेलं, हे खरं. पण नंतर बसता आलं असतं मला. दादा हात ओढत होता. मला नाही बसायचं होतं. पदकं जाणार, हे माहीत होतं. तरी नाही बसले.”

बस एका वळणावर हिसका देऊन पुढं गेली. वहिनीचा जबडा आवळलेला होता. सोळाव्या वर्षापासून ती ज्या गोष्टीच्या मागं लागली होती, ती त्या दालनात राहून गेली होती, हे वन्संला काय कळत नव्हतं?

“घरी गेल्यावर भांडू,” अखेर वहिनी म्हणाली. “इथं बसमध्ये नको.”

“बरं.”

“आणि चांगलं भांडू. थोडक्यात नाही सोडायची मी.”

“मीही नाही,” वन्सं म्हणाली.

भांडणं झाली, आणि ती एका दिवसात मिटली नाहीत. मागच्या खोलीतली खिडकी कुणाची, यावरून सुरुवात व्हायची आणि पहिल्या अर्जावर येऊन थांबायची. दादानं बहिणीशी बोलणं टाकलं. मग वर्षभरानं एके सकाळी “चहात साखर कमी आहे” असं तिलाच उद्देशून म्हणाला, तेव्हा बोलणं सुरू झालं. म्हातारपणी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आमच्या घरात चित्रकार दोन,” आणि असं सांगायचा, जणू ही कल्पना मुळात त्याचीच.

पाच वर्षं संपल्यावर वहिनीनं एकटीनं चित्र पाठवलं. अंधार तिनं सोडूनच दिला होता. फिक्या, जवळजवळ कोऱ्या जागेत एकटे चेहरे. समीक्षकांनी त्याला तिचं नवं पर्व म्हटलं. सुवर्णपदक तिला मिळालं, पण फार उशिरा, गुडघे दुखू लागल्यावर. ते घ्यायला चौथऱ्यावर चढताना दोघांना तिला हात द्यावा लागला.

वन्संनी स्टुडिओ बंद होईपर्यंत पडदे रंगवले. स्वतःच्या नावानं तिनं दोनदा रिकाम्या खोल्यांची चित्रं राष्ट्रीय स्पर्धेला पाठवली. दोन्ही वेळा निवड झाली नाही. खोली चांगली आहे, पण आत कुणी नाही, असं कुणीतरी तिला म्हणालं. पाठवणं तिनं सोडलं, रंगवणं सोडलं नाही.

पांढऱ्या केसांच्या बाई त्यानंतर दोनच वर्षं परीक्षक राहिल्या आणि अध्यक्षांशी कडाडून भांडून बाहेर पडल्या. दाढीवाला पुढं अकादमीचा चिटणीस झाला. दाढी पिकली, स्वभाव काही पिकला नाही. पण स्पर्धेत ‘जोडकाम’ नावाचा वेगळा विभाग काढला तो त्यानंच. का काढला, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या वर्षी त्यात एका बापलेकाखेरीज कुणाचा अर्ज आला नाही.

त्याच्या दुसऱ्या वर्षी या दोघींनी अर्ज भरला. दोघींची नावं, दोघींच्या सह्या. चित्र शिवणवाल्या बाईंच्या मुलीचं होतं, तीही तोवर म्हातारी झाली होती. पहिल्याच फेरीत ते बाद झालं. बातमी आली तेव्हा दोघी मागच्या खोलीत होत्या. त्या दुपारी त्यांनी मिळून परीक्षकांना अशी काही नावं ठेवली, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.